रस्त्यावरच्या झाडाचा वाली

गांवाच्या कारभाराविषयीं नागरिक जे अर्ज करतात त्यांत पाणी, गटारें, दिवे आणि रस्ते ह्यांचा मान पहिला असतो. झाडाविषयींचा अर्ज यादीच्या शेवटीं येतो, आणि तोही कांहींसा ओशाळत येतो. ज्या गांवीं नळाच्या पाण्याचीच वाट पाहावी लागते तेथें सांवलीची मागणी करणें ही चैन वाटते. तथापि रस्त्यावरील झाड कोणाचें, त्याची निगा कोणीं राखावी, आणि तें मेलें तर जाब कोणाला विचारावा, हा प्रश्न नगरपालिकांहून पुष्कळ जुना आहे. राजांनीं त्यावर आज्ञा काढल्या, कायदेमंडळांनीं कलमें लिहिलीं, न्यायालयांनीं निकाल दिले. आणि इतकें होऊनही रस्त्याच्या कडेचें झाड बेवारस राहिलें, तें कां, हें पाहण्यासारखें आहे.

बालाघाटाच्या रांगेवर वसलेलें अंबाजोगाई हें बीड जिल्ह्यांतील गांव योगेश्वरीचें म्हणून महाराष्ट्रभर, आणि विशेषतः कोंकणांतील पुष्कळ कुळांत, परिचित आहे. मुकुंदराजांची समाधि गांवाबाहेरच्या दरींत आहे. दासोपंतांची पासोडी येथलीच. यादवांचा सेनापति खोलेश्वर ह्याच्या घराण्याच्या आठवणी येथील शिलालेखांत कोरलेल्या आहेत. जुन्या लिखाणांत गांवाचें नांव ‘जोगाईचें आंबे’ असें येतें. ह्या नांवांतील आंबा देवीचा कीं झाडाचा, हें कानाला वेगळें करतां येत नाहीं. मात्र अशोकाच्या प्राकृतांत आमराईला ‘अंबावडिका’ म्हटलें आहे, हें आठवलें म्हणजे गांवाच्या नांवाकडे थोडें निराळ्या दृष्टीनें पाहावेसें वाटतें. निजामाच्या राज्यांत हेंच गांव मोमिनाबाद होतें. हैदराबाद काँटिन्जंट ह्या फौजेच्या घोडदळाची छावणी येथें होती; ती फौज १९०३ मध्यें हिंदुस्थानच्या मुख्य सैन्यांत विलीन झाली. सप्टेंबर १९४८ मध्यें संस्थानच गेलें, १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत. पुढें स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय झालें, गांव वाढलें, वसाहती उठल्या, रस्ते रुंद झाले. म्हणजे तीर्थक्षेत्र, छावणी, तालुक्याचें ठिकाण आणि विद्येचें गांव ह्या चारी अवस्था एकाच गांवानें पाहिल्या. आणि झाडाशीं माणसाचें नातें ह्या चारी अवस्थांत निराळें असतें.

अशा गांवांतून झाडाविषयीं ज्या तक्रारी होतात त्या दोन जातींच्या असतात, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध असतात. पहिली तक्रार झाडाच्या बाजूची. रोप लावलें पण आळें केलें नाहीं. जाळी बसविली पण खोड वाढल्यावर ती काढली नाहीं, म्हणून लोखंड सालींत रुतलें. तारा मोकळ्या करण्यासाठीं एकाच अंगाच्या फांद्या छाटल्या आणि झाड एका बाजूला कललें. दुभाजकांतील झुडपें पाण्यावांचून वाळलीं. दुसरी तक्रार झाडाविरुद्धची. पानांनीं गटार तुंबतें, मुळांनीं ओटा उचलला, फांदी कौलांवर आली, दुकानाची पाटी झांकली. तरी हें झाड तोडावें. एकाच गल्लींतून, एकाच झाडाविषयीं, हे दोन अर्ज एकाच आठवड्यांत येऊं शकतात. कचेरींतील कारकुनाला दोन्हीं अर्जांवर एकच शिक्का मारावा लागतो, आणि कांहींच न करणें हा त्याच्यापुढचा सर्वांत सोयीचा निकाल ठरतो.

ह्यांपैकीं दुसऱ्या तक्रारीला हंसणें सोपें आहे. पण तिच्यांत जीव गुंतलेला असतो हें विसरतां येत नाहीं. जुलै २०१७ मध्यें मुंबईंत चेंबूर येथें सकाळीं रस्त्यानें चाललेल्या एका स्त्रीच्या अंगावर नारळाचें झाड कोसळलें आणि तिचा अंत झाला. त्या झाडाविषयीं अर्ज आधींच झालेला होता. तेव्हां झाड तोडूं नका म्हणणारा जितका खरा, तितकाच झाड तपासा म्हणणाराही खरा. दोघांचेंही मागणें शेवटीं एकच असतें: ह्या झाडाकडे कोणीतरी नांवानिशीं पाहावें.

हें ‘कोणीतरी’ पूर्वीं कोण होतें? रस्त्याच्या झाडाची सर्वांत जुनी सरकारी नोंद अशोकाची. त्याच्या सातव्या स्तंभलेखांत माणसांना व जनावरांना सांवली मिळावी म्हणून मार्गांवर वड लावले, आमराया केल्या, विहिरी खोदविल्या आणि विश्रांतीच्या जागा बांधविल्या, असें सांगितलें आहे. ह्या यादींत झाड आणि विहीर एकत्र आलीं आहेत, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ज्यानें झाड सांगितलें त्यानें पाण्याचीही सोय सांगितली. पुढें हेंच काम धर्मकृत्य म्हणून राजस्त्रिया, सावकार, सरदार आणि साधे गृहस्थ करीत आले. पाणपोई घालणें, पार बांधणें, वाटेवर झाड लावणें ह्यांचें पुण्य सारखेंच मानलें जाई. अशा झाडाला मालक नसे, परंतु लावणाऱ्याचें नांव असे, आणि त्या नांवाची लाज वंशजांना असे.

मराठी राज्याच्या कागदांत झाडाविषयींचें सर्वांत विचारी प्रकरण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आहे, आणि तें सांपडतें आरमाराच्या भागांत. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या ह्या ग्रंथांत गलबतांसाठीं लागणारें लांकूड कोठून आणावें ह्याचा विचार चालला असतां अमात्य मध्येंच थांबतात आणि आंबा व फणस ह्यांना हात लावूं नये असें बजावतात. कारण ते भावनेचें देत नाहींत, हिशोबाचें देतात. हीं झाडें एकदोन वर्षांत होणारीं नव्हेत. रयतेनें तीं पोटच्या पोरासारखीं दीर्घकाळ सांभाळलेलीं असतात. तीं बळानें तोडलीं तर तिच्या दुःखाला पार राहत नाहीं, आणि प्रजेला दुखवून साधलेलें काम करणाऱ्यासह लयाला जातें. एखादें झाड फारच जीर्ण झालें असेल तर त्याच्या धन्याला राजी करून, किंमत देऊन, त्याच्या संतोषानें तोडावें. जबरदस्ती मुळींच करूं नये.

आज जिला झाड तोडण्याची परवानगी, पंचनामा आणि नुकसानभरपाई म्हणतात, तिचें सगळें तत्त्व ह्या एका परिच्छेदांत आलें आहे. पण त्यांत एक गृहीत धरलेली गोष्ट आहे: प्रत्येक झाडाला धनी असतो. ज्याला राजी करावयाचें असा कोणी माणूस समोर उभा असतो. परसांतील फणसाला असा धनी होता. हमरस्त्यावरील वडाला तो नव्हता. त्याचें रक्षण देवावर सोंपविलेलें होतें. वड, पिंपळ, औदुंबर ह्यांना कुऱ्हाड लावूं नये हा संकेत म्हणजेच बेवारस झाडाला दिलेलें कुंपण होय. हें कुंपण शेंकडों वर्षें टिकलें. पुढें त्यालाही भगदाडें पडलीं. वटपौर्णिमेच्या दिवशीं बाजारांत वडाच्या तोडलेल्या फांद्यांचे ढीग विकावयास येऊं लागले, तेव्हां व्रत कशासाठीं होतें हें विकणाऱ्यालाही आठवेनासें झालें आणि घेणाऱ्यालाही.

इंग्रजी अमलांत रस्त्याच्या झाडाचें दैव पालटलें. छावण्या आणि सिव्हिल लाइनी ह्यांतून झाडें प्रथमच रांगेंत, मोजून, ठराविक अंतरावर उभीं राहिलीं. पारावरचा पिंपळ जेथें उगवला तेथें होता. छावणींतील झाड जेथें ओळ आंखली तेथें आलें. झाडांच्या जातीही बदलल्या. मादागास्करचा गुलमोहर १८४० च्या सुमारास मुंबईंत शिवडीला आल्याची नोंद आहे. दक्षिण अमेरिकेकडचा पर्जन्यवृक्षही असाच येथल्या रस्त्यांवर रुळला. हीं झाडें झपाट्यानें वाढतात, त्यामुळें लावणाऱ्या अधिकाऱ्याला आपल्या कारकीर्दींतच सांवली दिसते. गुलमोहराचें लांकूड मात्र ठिसूळ. वळवाच्या पहिल्या वाऱ्यांत जी फांदी मोटारीवर पडते ती पुष्कळदां ह्याचीच. कडुनिंब, करंज, चिंच ह्यांना वेळ लागतो. पण मराठवाड्याचें ऊन त्यांच्या अंगवळणीं पडलेलें आहे.

ह्याच काळांत झाडाची जबाबदारी धर्मातून निघून कायद्यांत आली. लॉर्ड रिपन ह्यांनीं १८८२ मध्यें स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि सहा वर्षांनीं, १८८८ मध्यें, मुंबई महानगरपालिकेचा कायदा झाला. त्या कायद्यानें पालिकेचीं कामें दोन याद्यांत वांटलीं. एक यादी अवश्य कर्तव्यांची: गटारें, पाणी, दिवे, स्मशानें, रस्ते. दुसरी ऐच्छिक कर्तव्यांची, म्हणजे पालिकेला वाटलें तर करावयाचीं. रस्त्याच्या कडेला झाडें लावणें व त्यांची निगा राखणें हें काम दुसऱ्या यादींत पडलें. १९४९ मध्यें इतर महानगरपालिकांसाठीं जो प्रांतिक कायदा झाला त्यांतही तें ऐच्छिकच राहिलें. ऐच्छिक हा शब्द दिसण्यांत निरुपद्रवी आहे. पण अंदाजपत्रक ओढाताणीचें झालें म्हणजे कात्री प्रथम कोठें लागते, हें कोणत्याही संसारी गृहस्थाला सांगावें लागत नाहीं. झाड वाळलें म्हणून नागरिकानें अर्ज केला, तर कचेरी त्याला आपल्या मर्जीची गोष्ट म्हणूं शकत होती. गटार तुंबलें तर तसें म्हणण्याची सोय तिला नव्हती.

तारायंत्राच्या १८८५ च्या कायद्यांत तर ह्या झाडाचें पोरकेपण उघडच दिसतें. तारेला अडथळा करणारें झाड मॅजिस्ट्रेटच्या हुकमानें काढतां येईल. मात्र तार येण्याआधींपासून तें उभें असेल, तर ज्याचा त्यांत हितसंबंध आहे त्याला भरपाई द्यावी, असें त्यांत आहे. विजेच्या २००३ च्या कायद्यानें वरून जाणाऱ्या तारांसाठीं जवळजवळ हाच नियम ठेवला. नियम न्यायाचा आहे. परंतु रस्त्यावरच्या निंबांत हितसंबंध कोणाचा? त्याखालीं भाजी मांडून बसणारीचा, रिक्षा लावणाऱ्याचा, शाळा सुटल्यावर घटकाभर थांबणाऱ्या मुलांचा. ह्यांपैकीं एकाचेंही नांव कोणत्याही उताऱ्यावर नसतें. रस्त्याच्या झाडाविषयीं नागरिक जेव्हां तक्रार करतो तेव्हां तो खरें पाहतां एवढेंच म्हणत असतो कीं ह्या झाडाचा हितसंबंधी म्हणून माझें नांव लिहा.

स्वातंत्र्यानंतर हें नांव लिहिण्याची सोय हळूहळू झाली. महाराष्ट्रानें १९६४ मध्यें झाडें तोडण्याचें नियमन करणारा कायदा केला. त्याच्या अनुसूचींत साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, जांभूळ, अंजन अशीं मोलाचीं झाडें आहेत. वड, पिंपळ आणि कडुनिंब ह्या तिघांचीं नांवें त्या मूळ यादींत नाहींत. रस्त्यांवरचे हे थोरले रहिवासी, पण लांकूड म्हणून त्यांचा भाव नाहीं, एवढाच त्यांचा अपराध. खरा फरक पडला तो नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा कायदा १९७५ मध्यें झाल्यानें. तो महानगरपालिकांप्रमाणें नगरपालिकांनाही लागू आहे. त्यानें प्रत्येक ठिकाणीं वृक्ष प्राधिकरण सांगितलें, वृक्षाधिकारी सांगितला, दर पांच वर्षांनीं झाडांची गणना सांगितली. झाड तोडण्याआधीं जाहीर सूचना द्यावी आणि हरकती ऐकाव्या, असा दंडक घातला. ‘तोडणें’ ह्या शब्दाची व्याख्याही त्यानें रुंदावली: जाळणें, छाटणें आणि कोणत्याही रीतीनें इजा करणें हें सर्व तिच्यांत येतें. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें नागरी वनीकरण हा विषय नगरसंस्थांच्या अनुसूचींत घातला. २०२१ च्या दुरुस्तीनें ५० वर्षें व त्याहून अधिक वयाच्या झाडाला निराळा दर्जा दिला, आणि असें झाड तोडावेंच लागलें तर त्याच्या वयाइतकीं नवीं झाडें लावण्याची अट घातली. ऐंशीं वर्षांचा वड पाडला तर ऐंशीं रोपें. गणित मोठें देखणें आहे. ऐंशीं रोपांची मिळून एका वडाची सांवली व्हावयास किती उन्हाळे जावे लागतात, हा हिशोब मात्र कायद्यांत बसत नाहीं.

एवढा कायदा हातीं असतां तक्रार उरते ती कशासाठीं? ह्याचें उत्तर लहान गांवच्या रचनेंत आहे. मुंबईला उद्यान-खातें आहे. २०१८ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या तेथील गणनेंत सुमारें २९ लाख ७५ हजार झाडें मोजलीं गेलीं. लहान नगरपालिकेंत वृक्षाधिकाऱ्याचें काम पुष्कळदां दुसऱ्याच कामाच्या माणसाकडे जादा म्हणून दिलेलें असतें. गांवांतून जाणारा हमरस्ता बहुधा सार्वजनिक बांधकाम खात्याचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असतो, त्यावरील तारा वीज कंपनीच्या, त्याखालची जलवाहिनी पालिकेची. झाड एकच; पण मुळें एका खात्यांत, खोड दुसऱ्यांत आणि शेंडा तिसऱ्यांत. अर्ज कोणत्याही दारीं नेला तरी उरलेल्या दोन दारांचा पत्ता मिळतो. शिवाय झाड मारण्याचे पुष्कळसे प्रकार तोडण्याच्या व्याख्येंत बसत असूनही डोळ्यांना तोडण्यासारखे दिसत नाहींत. बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा फरशी आणली म्हणजे रस्ता स्वच्छ दिसतो, आणि पाणी व हवा न मिळून झाड आठ-दहा वर्षांत आपोआप मरतें. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१३ मध्यें दिल्लीसंबंधीं हुकूम करून झाडाच्या भोंवतीं एक मीटरपर्यंतचें काँक्रीट काढावयास लाविलें. खिळ्यांचीही गोष्ट तीच. पुण्यांत कांहीं तरुणांनीं २०१८ च्या सुमारास झाडांच्या खोडांत ठोकलेले खिळे उपटण्याची मोहीम काढली, तेव्हां एकेका झाडांतून निघालेलें लोखंड पाहून लोक चकित झाले. प्रत्येक खिळ्यावर कधीं काळीं कोणाची तरी जाहिरात लटकली होती.

ह्या तक्रारी आपल्याकडेच होतात असें नव्हे. इंग्लंडांतील शेफील्ड शहरांत ज्या कलहानें सारें गांव ढवळून निघालें तो रस्त्यांवरील झाडांचाच होता. तेथील नगरपरिषदेनें २०१२ मध्यें रस्त्यांच्या दुरुस्तीसाठीं ॲमी ह्या कंपनीशीं २५ वर्षांचा, सुमारें २२० कोटी पौंडांचा करार केला. शहरांत रस्त्यांच्या कडेला सुमारें ३६ हजार झाडें होतीं. त्यांतील १७,५०० झाडें काढून नवीं लावण्याचा आंकडा त्या करारांत होता, हें लोकांना कळलें तें २०१८ मध्यें. तोंवर पांच हजारांहून अधिक झाडें गेलीं होतीं. मुळांनीं पादचारी-मार्गाचा दगड उचलला, हें पुष्कळ झाडांच्या बाबतींत कारण दिलें जाई. रहिवाशांचें म्हणणें असें कीं दगड तासतां येतो, मार्ग थोडा वळवितां येतो. शंभर वर्षांचें झाड पुन्हां उभें करतां येत नाहीं. १७ नोव्हेंबर २०१६ रोजीं पहांटेच्या काळोखांत रस्लिंग्ज रोडवर पोलिसांनीं दारें ठोठावून लोकांना आपल्या मोटारी हलवावयास सांगितलें आणि आठ झाडें पाडलीं. विरोध करणाऱ्या दोन वृद्ध स्त्रियांना अटक झाली, त्या दोघीही सत्तरी उलटलेल्या होत्या. प्रकरण न्यायालयांत गेलें, मार्च २०१८ मध्यें तोड थांबली, आणि सर मार्क लोकॉक ह्यांच्या चौकशीचा अहवाल मार्च २०२३ मध्यें बाहेर आला. त्यांत परिषदेच्या वर्तनावर कठोर ठपका होता. परिषदेनें जाहीर क्षमा मागितली. सुशिक्षित, सधन आणि लोकशाहीची मोठी परंपरा असलेल्या शहरांतही झाडाचा मामला अंधारांत उरकावासा वाटला, हें त्यांतील मर्म आहे. दिवसा उजेडीं हरकत ऐकणें तेथील कारभाऱ्यांनाही जड गेलें.

आपल्याकडील सर्वांत गाजलेलें प्रकरण मुंबईच्या आरे वसाहतीचें. तें रस्त्याकडेच्या झाडांचें नव्हतें, पण हरकतींचें मोल त्यांत कळून आलें. मेट्रोच्या कारशेडसाठीं २,६४६ झाडांपैकीं २,१८५ तोडण्यास व ४६१ दुसरीकडे हलविण्यास वृक्ष प्राधिकरणानें २९ ऑगस्ट २०१९ रोजीं मान्यता दिली. त्यापूर्वीं लोकांच्या हजारों हरकती आल्या होत्या. उच्च न्यायालयानें ४ ऑक्टोबरला याचिका फेटाळल्या, त्याच रात्रीं तोड सुरू झाली, आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानें ती थांबविली तेव्हां दोन हजारांहून अधिक झाडें आडवीं झालीं होतीं. येथेंही रात्रच उपयोगी पडली.

ह्याच्या उलट गोष्ट सांगली जिल्ह्यांतील भोसे गांवची. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या रुंदीकरणांत तेथील सुमारें चारशें वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा वड जाणार होता. २०२० मध्यें गांवकरी व वृक्षप्रेमी मंडळींनीं झाडाला कवटाळून विरोध केला, मंत्र्यांपर्यंत दाद मागितली, आणि रस्त्याची आंखणी बदलली गेली. वड वांचला. दोन वर्षांनीं, २०२२ च्या पावसाळ्याच्या तोंडाशीं, तो आपण होऊन उन्मळून पडला. तेव्हां झाड वांचविणें हें एका दिवसाचें काम आणि झाड सांभाळणें हें रोजचें, हा भेद ज्यांनीं तें वांचविलें त्यांनाच सर्वांत अधिक लागला असेल.

रोजच्या कामाचा विचार आला म्हणजे पुन्हां मराठवाड्याकडे वळावें लागतें, कारण तेथें झाड सांभाळणें म्हणजे पाणी देणें. अंबाजोगाईला पाणी मांजरा नदीवरील धनेगांवच्या धरणाचें, लातूरलाही त्याचेंच. २०१५ च्या अवर्षणानंतर हें धरण कोरडें पडलें आणि एप्रिल २०१६ मध्यें लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडींत पांच लाख लिटर आलें. आणि त्याच वर्षीं १ जुलैला राज्यभर दोन कोटी झाडें लावण्याचा संकल्प सुटला. पुढें तो चार कोटी, तेरा कोटी आणि २०१९ मध्यें तेहतीस कोटी असा चढत गेला. लावलेल्यांपैकीं जगलीं किती, ह्याचा वाद इतका वाढला कीं २०२१ मध्यें विधिमंडळाची समिति नेमण्याची वेळ आली. दरवर्षीं त्याच खड्ड्यांत नवें रोप लावतात, हा विनोद तर महाराष्ट्रांतील प्रत्येक गांवाला पाठ आहे.

ह्यांत लबाडीपेक्षां पंचांगाचा दोष अधिक आहे. रोप लागतें जुलैंत. त्या वेळीं पाऊस असतो, पाहुणे असतात, छायाचित्रें असतात. दसऱ्यापर्यंत तें हिरवें राहतें. थंडींत कोणाचें लक्ष नसतें, आणि शेळ्यांचें असतें. फेब्रुवारीपासून जमीन तापूं लागते. मार्च, एप्रिल आणि मे हे तीन महिने ज्याला टँकरचें पाणी मिळालें तें रोप जगतें, आणि असे निदान तीन उन्हाळे काढले तर मग तें स्वतःच्या मुळांनीं पाणी शोधतें. नगरपालिकेचें आर्थिक वर्ष मात्र ३१ मार्चला संपतें. जुन्या वर्षाची तरतूद मार्चअखेर आटोपलेली असते, नव्या वर्षाच्या कामांना मंजुरी, निविदा आणि कार्यादेश ह्यांत वेळ जातो, आणि टँकर माणसांसाठींच कमी पडत असतात. सांडपाणी शुद्ध करून तें झाडांना घालणें हा त्यावरचा एक व्यवहार्य उपाय आहे, आणि कांहीं शहरांनीं तो केलाही आहे. परंतु त्यासाठीं रोप लावण्याच्या खर्चाच्या शेजारीं, त्याच कागदावर, तीन उन्हाळ्यांच्या पाण्याचा खर्च मांडावा लागतो. नागरिकांच्या तक्रारी बहुधा मे महिन्यांत, पानें गळाल्यावर, कचेरींत पोहोंचतात. तोंवर त्या वर्षाचें अंदाजपत्रक मंजूर होऊन गेलेलें असतें, आणि पुढच्या जुलैच्या रोपांची मागणी रोपवाटिकेकडे निघालेली असते.